धुराड्याची परीक्षा

ते एकोणीसशे अडुसष्ट साल. पानगळ सुरू झाली होती, आणि त्याच आठवड्यात पलीकडच्या गल्लीतलं एक घर जळून खाक झालं. तेव्हापासून या घरातल्या सुनेच्या नवऱ्याने आगीचा असा धसका घेतला की घराचा विमा उतरवायचं नक्की झालं. त्याआधी कंपनीचे साहेब येऊन घर तपासणार होते.

"बाबांच्या त्या लाकडांपायी नापास झालो, तर सुतारकाम बंद," त्याने जेवताना जाहीर केलं. "रंधा, करवत, सगळं विकून टाकीन."

सासरे ताट उचलून मागच्या खोलीत गेले. वय अठ्ठ्याहत्तर. सासूबाई गेल्यापासून ते माणसांशी कमी आणि लाकडाशी जास्त बोलत. मागच्या खोलीतला रंधा थांबला की म्हातारा महिन्याभरात अंथरूण धरणार, हे सुनेला पक्कं ठाऊक होतं.

तपासणीच्या दिवशी तिने ती खोली झाडून लख्ख केली. रंध्यातून सुटलेल्या कुरळ्या ढलप्यांचं पोतं भरलं. ते पुढच्या दाराने बाहेर न्यायला ती बैठकीत आली, तर अकराचे साहेब साडेनऊलाच फाटकात! आता पोतं लपवायचं कुठे? समोर नवऱ्याची लाडकी लोखंडी शेगडी होती, छपरापर्यंत धुराडं गेलेली, गेल्या थंडीनंतर न पेटवलेली. सुनेने सगळ्या ढलप्या तिच्या पोटात कोंबल्या, झाकण लावलं आणि पदर सारखा करून दार उघडलं.

साहेब मितभाषी होते. टोपी टेबलावर ठेवून ते थेट मागच्या खोलीत गेले. तिथे पाण्याच्या दोन बादल्या, एक वाळूची, वर ओलं गोणपाट.

"रोज भरता?" त्यांनी सासऱ्यांना विचारलं.

"रोज सकाळी. लाकडात राहायचं, तर आगीचा मान ठेवावा लागतो, साहेब."

साहेबांनी काहीतरी लिहिलं आणि मान डोलावली. सुनेचा जीव भांड्यात पडला. पण नवऱ्याला कुठे धीर!

"साहेब, आमची शेगडी तर पाहिलीच नाही तुम्ही! अशी ओढ कुठल्या धुराड्याला नसेल."

"पेटवा."

"अहो, आज कशाला?" सून घाईने म्हणाली. "किती उकडतंय!"

"मग आधी ती शाल काढ," म्हणत नवऱ्याने काडी ओढली.

शेगडी आधी हुंकारली, मग गरजली. "बघा, बघा ओढ!" नवरा म्हणाला, तोच धुराडं लाल झालं, झाकण उडालं आणि एक पेटती ढलपी तरंगत जाऊन पडद्यावर बसली. पडद्याने पेट घेतला.

सासरे धावत आले, पण गडबड मुळीच नाही. वाळू शेगडीत, एक बादली पडद्यावर, गोणपाट धुराड्याच्या बुडाशी आणि दुसरी बादली साहेबांच्या डोक्यावर.

"माफ करा साहेब. टोपी पेटल्यासारखी वाटली."

"टोपी टेबलावर आहे," साहेब निथळत म्हणाले.

मग त्यांनी ओल्या कागदावर शेरा लिहिला. सुतारकामाची खोली: हरकत नाही. बैठकीतली शेगडी: ताबडतोब काढून टाकावी, त्याशिवाय विमा नाही.

विम्याची गरज त्या घराला पुढे कधीच पडली नाही. नवरा मरेपर्यंत थंडीत दोन स्वेटर घालून बसायचा आणि शेगडी बनवणाऱ्याच्या नावाने खडे फोडायचा. सुनेने त्याला अडवलं नाही, आणि खरं काय ते सांगितलंही नाही. साहेब दर पानगळीला तपासणीला येत राहिले. सासऱ्यांनी त्यांना टोप्या अडकवायची एक सुरेख खुंटाळी करून दिली. निवृत्तीच्या दिवशी साहेब ती कचेरीतून काखोटीला मारून घरी घेऊन गेले म्हणतात.

सासरे आणखी सहा वर्षं जगले, आणि रंधा शेवटच्या आठवड्यापर्यंत चालला. त्यांची शेवटची वस्तू म्हणजे सुनेसाठी केलेली एक छोटी पेटी. तिने झाकण उघडलं, तर आत एकच कुरळी ढलपी होती.

"ही तेवढी शेगडीत घालू नकोस, सूनबाई."

सुनेच्या तोंडचं पाणी पळालं. "म्हणजे, मामंजी, तुम्हाला तेव्हाच..."

"वाळू ओतताना दिसल्या की! माझ्याच रंध्याच्या ढलप्या मी ओळखणार नाही?" ते म्हणाले आणि डोळे मिटून स्वस्थ पडून राहिले.

त्यांच्यामागे त्या तीन बादल्या रोज सकाळी सूनच भरत असे.