मागच्या दिव्याची कौटुंबिक पाहणी

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही.

काकांकडे अकरा स्क्रूड्रायव्हर आहेत.

सोमवार, सकाळी साडेदहा.

जबाबदारी वाटून घेतली की हलकी होते. आणखी नीट वाटली की उरतच नाही.

परीक्षेसाठी आणलेल्या वाहनाचे सर्व दिवे चालू स्थितीत असावेत. अन्यथा उमेदवारास तीन महिने पुन्हा बसता येणार नाही (नियम सात).

या गोष्टी रविवारी सकाळी वडिलांच्या डोक्यात एकदमच गोळा झाल्या. मुलीची गाडी चालवण्याची परीक्षा दुसऱ्या दिवशी होती, आणि लायसन्स हातात पडलं तरच तिला मिळालेली नोकरी तिची होणार होती (औषधांची खोकी दुकानोदुकानी पोचवणे; रुजू होण्याचा दिवस गुरुवार). वडिलांनी तिच्यासाठी गाडीच्या दारात बसेल अशी पाण्याची बाटलीही आणून ठेवली होती.

आठवड्यापूर्वी शेजारी म्हणाला होता, "अहो, तुमचा मागचा उजवा दिवा गेलाय. ब्रेक दाबलात तरी अंधारच." वडिलांनी विषय विचारार्थ ठेवला. ते कचेरीत अधीक्षक होते. विचारार्थ ठेवलेले विषय बहुधा आपोआप मिटतात, हा त्यांचा तीस वर्षांचा अनुभव. हाही मिटला आहे का, हे पाहण्यासाठी पाहणी ठरली.

सव्वानऊला गाडीच्या मागे उपस्थिती समाधानकारक होती: वडील (अध्यक्ष), काका (तांत्रिक बाजू), आई (काका काय मोडतात यावर लक्ष) आणि आजोबा (खुर्चीसह). चौघांनी उजव्या दिव्याकडे एकटक पाहिलं. दिवा लागला नाही.

"गेलाय," काका म्हणाले. "मी तर लांबूनच ओळखलं."

काढलेला बल्ब अगदी नव्यासारखा चकचकीत होता. हल्लीचे बल्ब असेच फसवतात, असं काकांनी स्पष्ट केलं. दुसरा बसवला. चौघांनी पुन्हा पाहिलं. नाही. मग तुलनेसाठी डावा दिवा पाहावा, ही वडिलांची सूचना विनाचर्चा मंजूर झाली. डावाही बंद! शेजाऱ्याने त्याची तक्रार केली नव्हती. म्हणजे बिघाड पसरत होता.

"वेळेवर बघितलं म्हणून बरं," आजोबा म्हणाले. "उद्या पुढच्या दिव्यांपर्यंत गेला असता."

एवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीतून मुलीने डोकं बाहेर काढलं. (ती चहा करत होती. दिवसभरात वेळेवर झालेलं काम एवढंच.)

"अहो बाबा, आत कोणीतरी बसा ना!"

"आत कशाला? दिवा मागे आहे."

"पण बाबा, तो मी..."

"तू नियम पाठ कर बघू. आम्ही चौघं तुझ्यासाठीच उभे आहोत ना इथे?"

हे अगदी खरं होतं. मायेच्या बाबतीत या घराला नावं ठेवायला जागा नाही.

काकांनी दोन्ही दिवे मुळापासून उपटले, वायरी सोडवल्या आणि जाडीनुसार मांडून ठेवल्या. चारच्या सुमारास गाडीच्या पाठीला दोन स्वच्छ चौकोनी भोकं होती. (पाहिलेले दिवे: दोन. पाहण्यात गेलेला वेळ: माणशी सहा तास. लागलेले दिवे: शून्य. आईच्या मते मोडलेल्या वस्तू: सांगण्यात अर्थ नाही.)

सोमवारी परीक्षकाने गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून भोकांत पाहिलं आणि म्हणाला, "तीन महिन्यांनी या."

परतताना वडील मुलीची समजूत घालत राहिले: आपण आपल्याकडून काही म्हणता काही कमी केलं नाही. बाटली दारातच होती. तीही त्यांनी तिच्यापुढे केली.

या घराला हसायला हरकत नाही. फक्त रविवारी तुम्हीही मागेच उभे होतात. तिथून छान दिसत होतं. खिडकीतलं वाक्य अर्धं तुटलं, ते पुरं कर, असं तुम्हीही तिला म्हणाला नाहीत.

बल्ब तिने आधीच्या मंगळवारीच बदलला होता. ब्रेक दाबायला तिने चार हाका मारल्या. कोणी आलं नाही, म्हणून सीट आणि पेडलच्या मध्ये छत्री अडकवून, मागे जाऊन पाहिलं. लागत होता.