दोन थेंब तेल

सासरेबुवांनी चाळीस वर्षं शिलाई मशिनं दुरुस्त केली होती. त्यातून त्यांचं एक ठाम मत झालं होतं : जगात जे कुरकुरतं, त्याला तेल हवं असतं. दारांच्या बिजागऱ्या, पंखा, शेजाऱ्यांची सायकल, कुणीच त्यांच्या हातून सुटलं नव्हतं. एकदा टीव्हीच्या रिमोटवरही प्रयोग झाला होता. तेव्हापासून आवाज फक्त वाढायचा.

सोमवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीएवढी एक मोटर बारीक आवाजात चिरचिरत होती. सुनेने ती चाचणीला लावून ठेवली होती आणि स्वतः अंघोळीला गेली होती. मग जे व्हायचं ते झालं.

मोटर सुनेने स्वतः बनवली होती. तिचा छोटासा वर्कशॉप, तीन कामगार आणि दोन वर्षांची खटपट त्या काड्यापेटीत होती. दहा वाजता मायक्रोस्कोप बनवणाऱ्या कारखान्याच्या खरेदी अधिकारी मॅडम मोटर बघायला येणार होत्या. त्यांनी हो म्हटलं तर वर्कशॉप तरणार होता, नाहीतर कुलूप.

मॅडम दहाला पाच कमी असताना वर्कशॉपमध्ये आल्या. हसणं त्यांना कामाच्या वेळेत परवडत नसावं.

"आत एक स्फटिक आहे," सून सांगू लागली. "वीज दिली की तो किंचित लांबतो. हळू लांबतो तेव्हा वरची पट्टी घर्षणामुळे त्याच्याबरोबर पुढे सरकते. मग तो झटकन आखडतो. पट्टीला ते कळेपर्यंत उशीर झालेला असतो, त्यामुळे ती पुढेच राहते. असं सेकंदाला हजार वेळा. केसाच्या हजाराव्या भागाइतकंही सरकवता येतं. आणि वीज गेली तरी पट्टी जागची हलत नाही."

तिने बटण दाबलं. मोटर चिरचिरली. पट्टी ढिम्म.

"खरंच हलत नाही," मॅडम म्हणाल्या.

निदान दुसरा गुण तरी दाखवावा म्हणून सुनेने पट्टीला भिंग बसवलं, मोटर उभी धरली आणि वीज बंद केली. "बघा, भिंगाचं वजन असूनही पट्टी..."

पट्टी राजेशाही थाटात खाली घसरली, मोटरीतून निसटली आणि भिंगासकट मॅडमच्या चहात पडली. डुबुक!

सुनेने पट्टी चहातून काढून तिच्यावरून बोट फिरवलं, बोटाचा वास घेतला आणि तडक घरी फोन लावला. गडबडीत स्पीकर चालू राहिला. सासूबाईंनी उचलला.

"आई, बाबांनी माझ्या मोटरला हात लावला?"

"थांब, विचारते. अहो!... नाही म्हणतायत. हात अजिबात लावला नाही. फक्त दोन थेंब तेल सोडलं."

"बिचारी चिरचिरत होती गं," मागून सासरेबुवा म्हणाले.

"बाबा, ती घर्षणावरच चालते!"

फोनवरून खोल गेलेला आवाज आला, "घर्षणावर? अगं, ते घालवण्यात माझा जन्म गेला!"

"तुम्ही घरीच थांबा. येऊ नका."

पंधरा मिनिटांत ते हजर झाले. हातात स्पिरिटची बाटली, खिशात दोऱ्याचं रीळ. सोबत सासूबाईही होत्या. एकट्याला सोडलं तर वाटेत आणखी कशाला तरी तेल लावतील, अशी त्यांना धास्ती.

सुनेने मोटर खोलून चार वेळा पुसली होती, तरी पट्टी घसरतच होती.

"सरक," सासरेबुवा म्हणाले. "तेल कुठे शिरलंय ते घालणाऱ्यालाच ठाऊक." त्यांनी दोरा स्पिरिटमध्ये भिजवला आणि सुनेच्या चिमट्याचं टोकही जात नव्हतं त्या फटीतून पुढे-मागे ओढू लागले. ओढता ओढता म्हणाले, "पण ही चालते कशी, ते तरी सांग."

सुनेने पुन्हा सांगितलं. हळू ओढलं की बरोबर येते, झटका दिला की येत नाही.

"म्हणजे ह्यांच्यासारखीच की!" सासूबाई म्हणाल्या.

मॅडमच्या ओठांचा एक कोपरा हलला. किती, ते मोजायला हीच मोटर लागली असती.

सुनेने मोटर जोडून बटण दाबलं. पट्टी सरकली, हवी तिथे थांबली, उभी धरली तरी तसूभर हलली नाही. सुनेचे डोळे भरून आले. सासरेबुवांनी नाक शिंकरलं.

"ऑर्डर देते," मॅडम म्हणाल्या, "पण दोन अटींवर. यांच्यासारखी पाच माणसं आमच्याकडेही आहेत, तेव्हा मोटर अशी बंद हवी की यांनासुद्धा आत तेल घालता येणार नाही. आणि प्रत्येक नगावर तपासनिसाची सही हवी."

"तपासनीस कोण?" सुनेने विचारलं.

मॅडमनी सासरेबुवांकडे बोट दाखवलं.

आता सासरेबुवा इस्त्रीचा शर्ट घालून कामावर जातात. वर्कशॉपमधल्या कपाटामागच्या कोपऱ्याला ते केबिन म्हणतात. परवा त्यांनी अकरातल्या चार मोटरी नापास केल्या.

"बाबा," संध्याकाळी जेवताना सून अजिजीने म्हणाली, "उद्या माल पाठवायचाय हो. त्या चार पुन्हा बघता का? आणल्यात मी घरी."

सासरेबुवांनी शांतपणे घास संपवला, पाणी प्यायलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला अहोजाहो केलं.

"ऑफिसची कामं ऑफिसात. दहाला केबिनमध्ये या. आणि आधी कपाट वाजवा."