मोजणीसाहेबांचं वाकडं चाक

सासरेबुवांनी आपली जुनी, लाल, दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार मोठ्या जावयाच्या दारात आणून लावली. "महिनाभर चालवून बघा," ते म्हणाले. "नीट सांभाळलीत तर तुमची. नाहीतर धाकट्या जावयाला देईन."

मोठे जावई म्हणजे आपले मोजणीसाहेब. लोकांच्या जमिनी मोजण्यात त्यांची वीस वर्षं गेली होती. (बांधावरून भांडणारे शेजारीसुद्धा त्यांच्या आवाजाला घाबरून गप्प बसत. घरात मात्र तो आवाज चालत नसे.) गाडी आल्यापासून साहेब टोपी आणि काळा गॉगल चढवल्याशिवाय भाजी आणायलाही बाहेर पडेनात.

सगळं झकास चाललं होतं, पण बाजाराच्या रस्त्याला लागलं की गाडी हळूहळू डावीकडे सरकायची. परवा तर ती केळीवाल्याच्या गाड्याला जवळजवळ चाटून गेली.

"मागचं चाक वाकडं आहे," साहेबांनी निदान केलं.

"पुलावरून तर सरळ जाते की!" बायको म्हणाली. "आणि शंका असेल तर गॅरेजात न्या."

"लोकांचे बांध सरळ केले मी. एक चाक नाही व्हायचं?"

महिना रविवारी संपत होता आणि सासरेबुवा पाच वाजता यायचे होते. साहेब सकाळीच अंगणात उतरले. चाकाच्या बरोबरीनं एक दोरी ताणायची, रिमच्या पुढच्या आणि मागच्या कडेपासून दोरीपर्यंतचं अंतर मोजायचं, दोन्ही अंतरं सारखी आली की चाक सरळ. फरक आला तर जोडात पत्र्याची पातळ चकती सारायची. दोरीचं एक टोक त्यांनी फाटकाला बांधलं, दुसरं अंगणातल्या लोखंडी खांबाला. तीन मिलिमीटरचा फरक निघाला. "बघ! म्हटलं नव्हतं?" म्हणत त्यांनी दोन चकत्या घातल्या.

तासाभरानं खात्री करायला पुन्हा मोजलं, तर फरक पाच! घाम पुसत आणखी तीन चकत्या घातल्या. दुपारी मोजलं तर चाक भलत्याच बाजूला वळलेलं. साहेबांनी तीन काढल्या, चहा घेतला, पुन्हा मोजलं आणि पाच घातल्या.

"हे चाक माझ्या तोंडावर खोटं बोलतंय!" ते ओरडले.

"बोलू दे. जरा सरका, पडदे वाळत घालायचेत," बायको म्हणाली. वडील येणार म्हणून तिनं पहाटेपासून घरातलं कापड न् कापड धुवायला काढलं होतं.

पाच वाजता सासरेबुवा आले तेव्हा गाडी जॅकवर होती आणि जावयाचे फक्त पाय दिसत होते. म्हातारबुवांनी चाकाकडे पाहिलंच नाही. ते त्या खांबाकडे आणि त्यालाच बांधलेल्या कपड्यांच्या दोरीकडे बघत राहिले.

"अगं, ते कपडे काढ बघू दोरीवरचे."

तिनं ओल्या चादरी काढल्या, पडदे काढले. एकेक कापड उतरलं तसा खांब कण्हत सरळ होत गेला आणि साहेबांची मोजणीची दोरी सगळ्यांच्या देखत सरकली. साहेबांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सासरेबुवांनी सातही चकत्या काढल्या आणि मोजलं. अंतर दोन्हीकडे सारखं.

"चाक सरळच होतं, जावईबापू."

"मग गाडी डावीकडे का जाते?" साहेब रडकुंडीला आले.

बायकोनं इतका वेळ दाबून धरलेलं हसू फुटलं. "सांगू? बाजारात मोठ्या काचांची दुकानं सगळी डावीकडे. तुम्ही काचेत आपली टोपी कशी दिसते ते बघता. जिकडे मान, तिकडे गाडी!"

सासरेबुवा बॉनेटला धरून हसले. मग डोळे पुसून त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला. साहेबांनी खिशातून किल्ली काढून दिली. गेली धाकट्याकडे! पण म्हाताऱ्यानं किल्ली लेकीच्या हातावर ठेवली. "गाडी याच घरात राहू दे. चालवायची मात्र तू."

त्याच संध्याकाळी ती साहेबांना बाजारातून फिरवून आणायला निघाली. गाडी दोरी धरल्यासारखी सरळ चालली होती. साहेब शेजारी डाव्या सीटवर तोंड फुगवून बसले होते. कापडाचं मोठं दुकान आलं तशी त्यांनी हळूच टोपी नीट केली.

"अगं," ते म्हणाले, "जरा सावकाश घे ना. इथून किती जवळून दिसतं!"