धुराचा कंडक्टर

आमच्या गल्लीत धुराच्या आधी त्याचा कंडक्टर येतो. म्हणजे समोरच्या घरातले आबा. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण गळा अजून ड्यूटीवर आहे. उन्हाळ्यात पारनेरच्या डोंगराला वणवा लागला की मोबाईल नाकाशी धरून गॅलरीतून पुकारा सुरू. "धूर टाकळीवरून सुटलाय. भाळवणीला थांबा न्हाई. नगर दुपारच्या आत. वाळवणं उचला."

मोबाईलवर त्यांना सॅटेलाइटचे फोटो दिसतात. आगीचे लाल ठिपके आणि त्यांतून निघालेला धुराचा करडा पट्टा. गल्लीतल्या बायकांचा त्यांच्यावर भारी विश्वास. एकदा आमच्या हिने आबांच्या शब्दावर गच्चीतल्या ओल्या कुरडया गोळा केल्या आणि धूर गेला श्रीगोंद्याला. कुरडयांचा एकच लगदा झाला. मी जाब विचारायला गेलो, तर म्हणाले, "वाऱ्यानं रूट बदलला, गुरुजी. स्टेरिंग त्याच्या हातात. कंडक्टर काय करनार?" या माणसापुढे मी तेव्हाच हात टेकले.

धूर गल्लीतून पुढे सरकला की तिकिटं पंच करायचा जुना चिमटा काढून ते कठड्यावर दोनदा ठोकतात. डबल बेल. जाऊ द्या गाडी.

एकदा वैतागून मी म्हणालो, "आबा, धुराचं एवढं कळतं, मग आग विझवायला कुणाला कळवत का नाही?"

"कळवतो की. बगतो म्हनत्यात. आपला डोंगर कोन विझवतंय? गवत सरलं की वणवा आपोआप विझतो."

ते खरंच होतं. दरवर्षी डोंगर काळा होतो आणि आम्ही फक्त कुरडया उचलतो.

परवा त्यांच्या गॅलरीत चहाला बसलो होतो. मोबाईलवर भलतंच जंगल होतं.

"हे कुठलं?"

"मेळघाट. आमचा सुनील हाय तितं. फॉरेस्टात गार्ड."

आबांना मुलगा आहे हे गल्लीला ठाऊक होतं, तो कुठे असतो हे कुणालाच नव्हतं. आता त्यांनीच सांगितलं, सुनीलची आई गेल्यावर ते त्याला म्हणाले होते, नोकरी सोडून घरी राहा, नाहीतर पुन्हा दारात येऊ नको. तो आला नाही. फोनही उचलत नाही.

"तिकडं धूर दिसला की समजायचं, पोरगं कामावर हाय. पावसाळ्यात तर काईच कळत न्हाई." आबांनी मान खाली घातली. "वणवा लागला की मला बरं वाटतं, गुरुजी. बाप हाय का कोन हाय मी?"

मेळघाटचं ते जंगल गेला आठवडाभर जळत होतं. त्यांनी बोटांनी फोटो मोठा केला. आज ठिपके नव्हते. धूरही नव्हता.

"विझवला," आबा म्हणाले. "विझवनारा धड हाय, म्हनून तर विझला. व्हय ना?"

गवत सरलं की वणवा आपोआप विझतो, हे पारनेरच्या डोंगराबद्दलचं त्यांचंच बोलणं माझ्या ओठांवर आलं. ते गिळून मी "हो" म्हणालो. इतकं केविलवाणं "हो" मी आयुष्यात कधी म्हटलं नसेल.

आबांनी कठड्यावर ठोकायला चिमटा उचलला, थोडा वेळ तसाच धरला आणि खिशात ठेवून दिला. त्यांनाही तेच आठवलं असावं.