देंबोविनीचा सदाहरित ओक

एखाद्या गोष्टीचं जतन करायचं ठरलं, की तिच्यात जीव असणं ही मोठी अडचण होऊन बसते. जिवंत वस्तू वाढते, वाकते, कचरा करते आणि कुणाच्या सोयीने वागत नाही. पोलंडच्या पूर्वेकडच्या आमच्या देंबोविनी गावाने ही अडचण कायमची दूर केली, त्याची ही हकीकत. (मी इथल्या मारिया माउलीच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. पगार फादर देतात, तेव्हा माझ्या निःपक्षपातीपणाबद्दल शंका नसावी.)

चर्चच्या आवारात ओकचं एक झाड होतं. त्याचं वय फलकावर सहाशे, प्रवचनात आठशे आणि बिशप येणार असले की हजार. त्याच्या ढोलीत मारिया माउलीने एका गुराख्याला दर्शन दिलं होतं. तेव्हापासून यात्रेकरू यायचे, सालीचा तुकडा ओरबाडायचे आणि दुखऱ्या दाढेखाली धरायचे.

साल संपत आली तेव्हा फादर अंब्रोझींनी संरक्षण समिती नेमली. नऊ सदस्य, पैकी आठ उपाध्यक्ष. समितीच्या कामाला तोड नाही (हा शब्द झाडाच्या संदर्भात जपून वापरला आहे). बुंध्याभोवती लोखंडी कुंपण घातलं. यात्रेकरूंचे बूट चिखलात भरू नयेत म्हणून मुळांवर सिमेंटची फरशी अंथरली. ढोलीत पाणी साचतं म्हणून ती काँक्रीटने बुजवली. (माउलीला पुन्हा दर्शन द्यायचं झाल्यास अन्यत्र सोय पाहावी, असं सर्वानुमते ठरलं.) संरक्षण इतकं चोख झालं, की पुढच्या वर्षी वसंत ऋतूसुद्धा झाडापर्यंत पोचू शकला नाही.

एक पान फुटलं नाही. झाडाने ईस्टरआधीचा उपास लांबवला आहे, असं समितीने जाहीर केलं. लोकांना पटलं. पटलं नाही ते लुद्विकाबाईंना. थडग्यांवर वाहायची कापडी फुलं करून पोट भरणारी ही विधवा कित्येक वर्षं चर्चमध्ये गावाची रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, सांगत होती. एका रविवारी सगळ्यांसमोर ती म्हणाली,

"फादर, झाड मेलंय. मयताची प्रार्थना म्हणा आणि मोकळे व्हा."

"लुद्विकाबाई, श्रद्धा ठेवा."

"माझा नवरा गेला तेव्हा मी त्याचा हात सोडत नव्हते. तुम्हीच म्हणालात ना, बाई, आता मान्य करा? मग तुम्ही करा की मान्य!"

तिच्याकडून रोझरी काढून घेण्यात आली. कारण 'प्रकृती-अस्वास्थ्य' (कुणाचं, ते स्पष्ट केलं नाही). ज्या बायका जन्मभर तिच्यामागून प्रार्थना म्हणत आल्या, त्या आता बाकावर सरकून बसू लागल्या. तिला जागा करून द्यायला नव्हे. ती शेवटच्या बाकावर एकटीच बसायची. वरून, ऑर्गनपाशी, मला तिची मान दिसायची. ताठ.

आणि मग कळलं, की ऑगस्टच्या माउलीच्या सणाला खुद्द बिशप येणार, झाडाला आशीर्वाद द्यायला. समितीची तातडीची बैठक झाली. एका उपाध्यक्षाने हिरवा रंग सुचवला, दुसऱ्याने बिशपांची नजर कितपत अधू आहे याची चौकशी केली. शेवटी फादर खसखशीचा केक घेऊन लुद्विकाबाईंच्या दारात उभे राहिले. केक मी धरला होता.

"लुद्विकाबाई, पानं करून द्याल का? ओकची. जरा जास्त लागतील."

तिने हातातल्या शेवंतीवरून नजर उचलली नाही. "जिवंत झाडाला कापडाची पानं कशाला, फादर?"

फादरांनी माझ्याकडे पाहिलं. मी केककडे पाहिलं.

"ते जरा... अशक्त झालंय."

"मग डॉक्टर आणा."

"अहो बाई!"

"तोंडाने म्हणा. एकदाच."

फादरांनी दार लोटून घेतलं. "मेलंय," ते म्हणाले. मग खुर्चीत बसले आणि टोपी हातात चुरगाळत राहिले. "मी मारलं. माझ्या आईने मला त्याच्या सावलीत चालायला शिकवलं होतं हो, बाई."

लुद्विकाबाईंनी शेवंती बाजूला ठेवली. बशी काढली, केक कापला. "रडू नका, खा," ती म्हणाली. "पानं गडद हवीत की कोवळी?"

सणाच्या दिवशी झाड असं डवरलं होतं, की जिवंतपणी ते कधी इतकं नीटनेटकं दिसलं नव्हतं. रोझरी लुद्विकाबाईंनीच सांगितली (प्रकृती सुधारली होती). बिशप सद्गदित झाले. "आजच्या या नकली जगात," ते गरजले, "हा खरेपणा पाहा!" सगळ्यांनी पाहिला. वारा सुटला. पानं सळसळली नाहीत, कारण खळ जरा जास्त झाली होती.

शरदात पानं गळली नाहीत, बर्फ पडलं तरी हिरवीच राहिली, आणि गर्दी चौपट झाली. त्या थंडीत वॉर्साहून आलेल्या एका बाईच्या पुढ्यात एक पान तारेतून सुटून पडलं. तिने ते उचललं. बोटांना शिवण लागली. तिने मान वर केली, तर समोर लुद्विकाबाई.

"हो बाई, मीच शिवलंय," लुद्विकाबाई म्हणाली. "कापड आहे. झाड केव्हाच मेलं."

समितीचे जे उपाध्यक्ष जवळ उभे होते, त्यांना एकदम खोकला आला. त्या बाईने पान रुमालात गुंडाळलं, रुमालाचं चुंबन घेतलं आणि हलक्या आवाजात विचारलं,

"आजी, आणखी एक मिळेल? माझी बहीण फार आजारी आहे हो."

लुद्विकाबाईंची ताठ मान तेव्हा पहिल्यांदा खाली गेली. मग तिने ॲप्रनच्या खिशातून एक पान काढून दिलं.

ही हकीकत मी जिथे जिथे सांगतो, तिथे शिकलीसवरलेली माणसं पोट धरून हसतात. भोळ्या लोकांची कीव करतात. मग निघताना एकेकजण मागे रेंगाळतो आणि हळूच विचारतो, एखादं पान मिळेल का. तेव्हा तुम्हीही संकोच करू नका. दुखरा गुडघा डावा की उजवा, तेवढं फक्त सांगा. पानं वेगवेगळी असतात.