चौऱ्याऐंशीवर अडलेले मामा

गंगाखेडच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, रोज सकाळी पहिलं वजन होतं ते मापाड्याचं. शेषरावमामा चपला काढतात, टोपी काढतात, घड्याळ आणि कमरेच्या किल्ल्या पोत्यावर ठेवतात आणि आडत दुकानाच्या मोठ्या काट्यावर उभे राहतात. मग सोयाबीनचा कट्टा, म्हणजे भरलेलं पोतं, पुकारावा तसं स्वतःलाच पुकारतात, "शेषराव, चौऱ्याऐंशी किलो दोनशे."

"बारदान वजा करा मामा," इस्माईलभाई हमाल पोत्यांच्या थप्पीवरून म्हणतो.

मामा हसत नाहीत. हसलं की काटा हलतो, असं त्यांचं मत आहे.

माझे वडील याच मोंढ्यात हमाल होते. शाळा सुटली की मी पोत्यांवर बसून अभ्यास करायची. दशांश अपूर्णांक मला फळ्यावर कळले नाहीत, मामांच्या काट्यावर कळले. आज मी शाळेत विज्ञान शिकवते. आमच्या घरात पदवीपर्यंत पोचलेली मी पहिली, आणि त्यात मामांचा वाटा मोठा आहे. कट्टे मोजताना ते पहिल्याला 'एक' म्हणत नाहीत. बरकत, दोन, तीन, असं मोजतात. मी लहानपणी कारण विचारलं होतं. "एक म्हनलं की राशीला एकटं वाटतंय," ते म्हणाले होते. गणिताच्या कोणत्याच पुस्तकात मला हे सापडलं नाही, पण पटलं मात्र कायमचं.

गेल्या वर्षी गयामामींच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या. डायलिसिससाठी परभणीच्या फेऱ्या सुरू झाल्या. मामांची किडनी जुळली, पण डॉक्टर म्हणाले, आधी ऐंशी किलोच्या आत या. मामा तेव्हा ब्याण्णव किलो होते.

त्यांनी वजन उतरवायला घेतलं ते हंगामाचं काम घ्यावं तसं. पहाटे गोदावरीच्या घाटापर्यंत चालत जायचं, घाटाच्या पायऱ्या वीस वेळा चढायच्या-उतरायच्या. साखर बंद, तळलेलं बंद. मामींना मीठ कमी, म्हणून तेही अळणीच जेवायचे. "ती एकटी कशी अळणी खाईल," एवढंच म्हणायचे. मामींचा मात्र या सगळ्याला विरोध. रोज जेवताना त्या भाकरी पुढं करायच्या, "अर्धी तरी घ्या. मला न्हाई पायजे तुमची किडनी." मामा ताटावर हात आडवा धरायचे.

ब्याण्णवचे चौऱ्याऐंशी झाले, आणि तिथं गाडी रुतली. एक महिना, दोन महिने, तीन महिने. चालणं वाढवलं, रात्रीची भाकरी सोडली, आकडा हलेना. मग मामांना काट्याचा संशय आला. वीस किलोचं शिक्क्याचं वजन ठेवून त्यांनी काटा तपासला. बरोबर निघाला. मोंढ्यातल्या आणखी चार दुकानांत जाऊन ते उभे राहिले. चारही काटे चौऱ्याऐंशीच म्हणाले.

"आता काट्यालाच उपास धराया लावा," इस्माईलभाई म्हणाला.

त्या दिवशी मामा हसले नाहीत ते काट्यासाठी नव्हे. मामींचे हात सुजायला लागले होते.

दिवाळीच्या सुट्टीत मी एक दिवस दुकानात बसले. शेतकरी माल आणत होते. दुकानात ओल मोजायचं यंत्र आहे, पण आमच्याकडचा शेतकरी मामांच्या दाताला मानतो. मामा मुठीत दाणे घेतात, तोंडात टाकतात, चावतात आणि सांगतात, "चौदा टक्के. ऊन दाखवून आन." यंत्रही तेच सांगतं. मी पाहत राहिले. सोयाबीन, तूर, करडई, भुईमुगाच्या शेंगा. अन्न थुंकायचं नाही हा मामांचा नेम, म्हणून चावलेलं सगळं पोटात.

मी माझा रिकामा डबा काढला. मामांनी जेवढं तोंडात टाकलं, तेवढंच राशीतून उचलून मी डब्यात टाकत गेले. संध्याकाळी डबा मामांपुढं ठेवला.

"ह्ये काय?"

"तुम्ही आज खाल्लेलं."

"खाल्लं कुठं? चाखलं. त्ये काम हाय माजं."

मी डबा लहान काट्यावर ओतला. तीनशे सत्तर ग्रॅम. मामांनी आकडा पाहिला, डोळे मिचकावून पुन्हा पाहिला. माणसाशी त्यांनी वाद घातला असता, काट्याशी त्यांनी आयुष्यात घातला नाही.

"मास्तरीणबाई," ते म्हणाले, "चाळीस वर्सं मोजायलोय, पर हे कधी मोजलंच न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी दात बंद केले. चाळीस वर्षांचा मान होता तो. शेतकरी कुजबुजायला लागले, मामा म्हातारे झाले. मामांनी ऐकून घेतलं. मग ते मूठभर दाणे कानाशी नेऊन खुळखुळवायला लागले. आधी चुकायचे, यंत्राशी ताडून पाहायचे, पुन्हा ऐकायचे. दोन महिन्यांत ते कानानं ओल सांगायला लागले. साठीच्या माणसानं एक इंद्रिय मिटून दुसरं उघडलेलं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. वर्गात विज्ञान शिकवताना मला अजून ते खुळखुळणं ऐकू येतं.

परवा सकाळी काटा एकोणऐंशी आठशेवर थांबला. मामांनी पुकारलं नाही. इस्माईलभाईनं थप्पीवरून उतरून मामांच्या चपला सरळ करून ठेवल्या.

दुपारी मी त्यांच्या घरी गेले, तेव्हा दोघं जेवायला बसलेले होते. मामी ताटाकडं बघत म्हणाल्या, "मला किडनी देताव, पर मागं तुमाला एकच ऱ्हाईल की ओ."

"एक कोन म्हनतंय? बरकत म्हन."

मामांना आज फार आनंद झाला होता. त्यांनी आपण होऊन टोपल्यातली अर्धी भाकरी उचलली.

मामींनी ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि परत टोपल्यात ठेवली. "आपरेशन हुईपत्तर न्हाई," त्या म्हणाल्या.