लिफ्टसाहेबांच्या हाताखाली सहा महिने

वकिलांच्या या फर्मच्या मुंबई कचेरीतले सर्वांत ज्येष्ठ भागीदार म्हणजे इमारतीतली लिफ्ट. लंडन, सिंगापूर आणि दुबईला माणसंच भागीदार आहेत, आणि तिथलंही काम बरं चालतं म्हणतात. पण दोन देशांतल्या कंपन्यांचं अगदीच हातघाईवर आलं की तिन्ही कचेऱ्या आपापले पक्षकार मुकाट्याने फोर्टात पाठवतात. लिफ्टसाहेब त्यांना आत घेतात, तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये थांबतात आणि आतल्या कुणाच्याही पोटात काही दडलेलं असेपर्यंत हलत नाहीत. त्यांच्यासमोर झालेला एकही करार एकोणचाळीस वर्षांत मोडलेला नाही.

स्वरूपा डोईफोडे परभणीहून सहा महिन्यांसाठी शिकाऊ वकील म्हणून इथे आली, तेव्हा तिला हे नेमणुकीच्या पत्रातच कळवलेलं होतं. तिचं काम साधं होतं. कराराच्या प्रती तयार करायच्या, आणि बैठकीआधी साहेबांमध्ये चार स्टुलं आणि पाणी नेऊन ठेवायचं, मग प्रती घेऊन आतच बसायचं. शिकाऊ मंडळींनी एरवी जिन्यानेच जायचं. शेवटच्या दिवशी मात्र प्रत्येकाने एकट्याने साहेबांपुढे हजर व्हायचं. बटण दाबायचं नाही. साहेबांनी वर नेलं तर नोकरी, नाहीतर आपला सामानाचा खोका उचलायचा आणि घरी जायचं.

पहिल्याच आठवड्यात स्वरूपा साहेबांवर निहायत खूश झाली. इतकं शांतपणे ऐकून घेणारं तिने आयुष्यात कुणी पाहिलं नव्हतं. मध्ये बोलत नाहीत, घड्याळ बघत नाहीत, कुणाचं इंग्रजी कसं आहे याच्याशी देणंघेणं नाही. ती संध्याकाळी जाताना त्यांच्या जाळीच्या दाराला हात लावून जायची. पेडणेकरकाका ते रोज बघायचे. बाहेरच्यांना काका लिफ्टमन वाटतात. कागदोपत्री ते साहेबांचे स्वीय सहायक आहेत.

दर रविवारी तिच्या वडिलांचा फोन यायचा. परभणीच्या कोर्टाबाहेर ते गेली तीस वर्षं प्रतिज्ञापत्रं टाईप करत होते. एक आकडा चुकला तरी पान फाडून नवं घालणारा माणूस.

"ठेवून घेतील का गं?" ते विचारायचे.

"बघू. नाही ठेवलं तरी चालेल, बाबा. परभणीत काम आहेच की."

ती हे इतकं सहज म्हणायची की वडिलांनाही ते पटलं होतं.

शेवटच्या दिवशी सकाळी अकराला मोठी बैठक होती. पंप बनवणारी एक जर्मन कंपनी आणि तिला ओतीव भाग पुरवणारे कोल्हापूरचे अण्णासाहेब मगदूम यांचं आठ महिने फाटलेलं होतं. करार तयार होता, फक्त साहेबांपुढून जायचा होता. जर्मनांकडून फ्राऊ ब्रांट या बाई, फर्मच्या अधिकारी आडनावाच्या वकील मॅडम, अण्णासाहेब आणि स्वरूपा आत बसले. काकांनी आत उभं राहून दार ओढलं. आणि नेमकं त्याच क्षणी मांडीवरच्या प्रतीत स्वरूपाला दिसलं, की माल पोचवायच्या मुदतीत सोळा आठवड्यांच्या जागी तिने सहा टाईप केलं आहे.

सहा आठवड्यांत मगदुमांची अख्खी फाउंड्री उलटी टांगली तरी माल निघाला नसता. पण आज शेवटचा दिवस होता. सह्या झाल्या की दुरुस्तीचं पत्र काढू, असं तिने ठरवलं.

साहेब तिसऱ्याच्या वर जाऊन थांबले.

पाच मिनिटं गेली. अण्णासाहेबांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "आता साहेबांफुडं काय लपवायचं! माझी एक भट्टी दिवाळीपतोर बंद हाय. सांगितलं न्हवतं."

साहेब वीतभर वर सरकले.

फ्राऊ ब्रांट यांनी इंग्रजीत कबूल केलं, की त्यांनी कोइमतूरच्या एका कारखान्याशीही बोलणी चालू ठेवली आहेत. आणखी वीतभर.

अधिकारी मॅडम घसा साफ करून म्हणाल्या, "परिशिष्टं मी वाचलेली नाहीत. स्वरूपाने केलीत म्हणून सोडून दिली."

साहेब जेमतेम चार बोटं हलले आणि पुन्हा थांबले. मग बाकीच्यांकडे काही उरलं नाही. अण्णासाहेब पाणी प्यायले. पेडणेकरकाका छताकडे बघत होते.

"माझं चुकलंय," स्वरूपा म्हणाली. "मुदत सोळा आठवडे ठरली होती, मी सहा टाईप केलं. दार लागताना दिसलं. तरी गप्प बसले."

साहेब अलगद चौथ्या मजल्यावर गेले आणि थांबले. स्वरूपाने ते पान फाडलं, नवं घातलं, आणि दुपारपर्यंत सह्या झाल्या. जाताना अण्णासाहेब तिला म्हणाले, "पोरी, तू गप बसली असतीस तर मी मेलो असतो गं." अधिकारी मॅडम परिशिष्टं पहिल्या पानापासून वाचायला बसल्या.

साडेपाचला ती आपला खोका काखोटीला मारून साहेबांपुढे उभी राहिली. काकांनी दार लावलं आणि ते बाहेरच राहिले. साहेब निघाले. पहिला मजला, दुसरा, तिसरा. तिसऱ्याच्या वर, नेमके बैठकीच्या जागी, ते थांबले. शिकाऊ माणसासाठी ते तिथे आजवर कधी थांबले नव्हते.

काका धापा टाकत जिन्याने तिसऱ्यावर आले आणि जाळीतून वर बघत म्हणाले, "मॅडम, काय राहिलंय का सांगायचं?"

"नाही, काका. सकाळी सगळं सांगितलं." मग तिने साहेबांकडे वळून नम्रपणे म्हटलं, "साहेब, तुम्ही खूप शिकवलंत. मला नाही ठेवलं तरी चालेल. परभणीत काम आहेच."

साहेब हलले नाहीत.

"खरंच चालेल."

साहेब हलले नाहीत. खाली रस्त्यावर कुणीतरी टॅक्सीला हाका मारत होतं. स्वरूपाने खोका खाली ठेवला.

"नाही चालणार," ती म्हणाली. "मला इथेच राहायचंय. सहा महिने रोज वाटतंय. मला तुमच्याच हाताखाली काम करायचंय, साहेब."

चौथा मजला गेला, आणि पाचव्यावर, जिथे वकिलांची टेबलं आहेत, दारासमोर येऊन साहेब थांबले.

काका पुन्हा जिना चढून आले. त्यांनी खिशातली वही काढून लिहिलं: डोईफोडे मॅडम, पाचवा मजला, पाच बेचाळीस. मग त्यांनी तिला वडिलांना फोन करायला सांगितलं, पण जरा बाजूला जाऊन, कारण साहेबांची विश्रांतीची वेळ झाली होती.